भूमध्य समुद्राचा इतिहास आणि गोदाकाठचा विद्यार्थी

प्रति,
मा. कुलगुरू,
स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड

विषय : प्राचीन भूमध्य जगाच्या पुरातत्त्वाचा अभ्यास परभणी जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना खुला करण्याबाबत

महोदय,

परभणी जिल्ह्यात इतिहास शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रीस आणि रोम भेटतात ते जगाच्या इतिहासातील एखाद्या प्रकरणात, आणि सातवाहन भेटतात ते प्राचीन भारताच्या निराळ्या प्रश्नपत्रिकेत; ही दोन्ही प्रकरणे एकाच काळात आणि एकाच व्यापाराच्या दोन टोकांना घडत होती, ही गोष्ट मात्र दोन्हीकडे निसटते. प्राचीन भूमध्य जगाचे पुरातत्त्व म्हणजे इटली, ग्रीस, तुर्कस्तान, सीरिया, इजिप्त आणि उत्तर आफ्रिका यांच्या किनाऱ्यांवर नांदलेल्या समाजांचा त्यांच्या अवशेषांवरून घेतलेला शोध. हा विषय मराठवाड्यातील मुलामुलींनी आयुष्याचे काम म्हणून हाती घ्यावा, त्यासाठीची वाट आपल्या विद्यापीठाने बांधून द्यावी, आणि गोदावरीच्या खोऱ्यातून आलेल्या अभ्यासकाची गरज त्या विषयालाच आहे, एवढे म्हणणे या पत्रातून मांडायचे आहे.

या विषयात गेल्या काही दशकांत मोठा वाद झाला तो सांस्कृतिक ओळखीवर. एखादा समूह स्वतःला कोण समजतो, इतर लोक त्याला कोण समजतात, आणि हे समजणे भाषा, नाव, देवधर्म, पेहराव किंवा जेवणाची भांडी यांतून कसे व्यक्त होते, असा या संज्ञेचा ढोबळ अर्थ सांगता येईल. ग्रीक घडणीचे भांडे सापडले की तेथे ग्रीक राहत होते, असे मानण्याकडे पूर्वीच्या संशोधकांचा कल असे. नेपल्सच्या आखातातील इस्किया बेटावर जॉर्जो बुखनर यांनी १९५२ पासून पिथेकुसाई या इ.स.पूर्व आठव्या शतकातील वसाहतीची दफनभूमी खणली, तेव्हा तेथे ग्रीक, फिनिशियन म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरील दर्यावर्दी लोकांच्या, आणि इटलीतील स्थानिक, अशा तिन्ही घडणीच्या वस्तू मिळाल्या. स्त्रियांच्या थडग्यांत वस्त्र अडकवण्याच्या धातूच्या पिना इटालियन घडणीच्या होत्या, म्हणून ग्रीक पुरुषांनी स्थानिक स्त्रियांशी लग्ने केली असा निष्कर्ष पुष्कळ काळ मान्य राहिला. पुढे त्यावर असा आक्षेप आला की पिना विकत मिळतात, भेट येतात, त्यांची चाल पसरते, आणि पिनेवरून कोणाचे माहेर ठरवता येत नाही. १९९७ मध्ये जोनाथन हॉल यांनी ग्रीकांच्या वांशिक ओळखीवरील ग्रंथात हा मुद्दा अधिक पुढे नेला आणि आपले मूळ कोणते, आपली भूमी कोणती, याविषयी लोक स्वतः जे सांगतात त्याला खापरांपेक्षा जास्त वजन दिले.

हा सारा वाद फार दूरचा वाटण्याचा संभव आहे, पण त्याला लागणारा पुरावा महाराष्ट्राच्या कातळात कोरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांपैकी सतराव्या लेण्यातील लेखात दान देणारा माणूस आपला परिचय क्रमाने देतो : तो उत्तरेकडचा आहे, दत्तामित्री या नगराचा आहे, योनक म्हणजे ग्रीक म्हणवला जाणारा आहे, धर्मदेवाचा पुत्र आहे आणि त्याचे नाव इंद्राग्निदत्त आहे. मुलगा धर्मरक्षित याच्यासह त्याने हे लेणे, त्यातील चैत्य आणि पोढ्या, म्हणजे कातळात खोदलेली पाण्याची टाकी, आईवडिलांच्या पुण्यासाठी अर्पण केल्या. नावात इंद्र आणि अग्नी हे वैदिक देव, दान बौद्ध संघाला, भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी, आणि तरीही आपण योनक आहोत हे सांगण्याची त्याला गरज वाटली. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांची दाने नोंदलेली आहेत आणि त्यांची नावे सिहधय, यसवधन, धम्म अशी आहेत; जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप बांधला. इरिल हे नाव मात्र भारतीय वाटत नाही, आणि त्याच्या व चिटाच्या लेखांतील 'गत' या शब्दावरून स्टेन कोनो या विद्वानाने १९१२ मध्ये ते युरोपातील गॉथ जमातीचे असावेत असेही सुचवून पाहिले.

ग्रीक इतिहासाचे मातबर अभ्यासक डब्ल्यू. डब्ल्यू. टार्न यांनी १९३८ च्या आपल्या ग्रंथात कार्ल्याचे यवन हे एखाद्या ग्रीक नगराचे नागरिकत्व मिळालेले भारतीय असावेत अशी मांडणी केली, कारण ग्रीक नगरराज्याची चौकट त्यांच्या हाताशी तयार होती, तर अ. कि. नारायण यांनी १९५७ मध्ये टार्न यांच्या एकंदर भूमिकेला उत्तर देताना इंडो-ग्रीकांचा इतिहास हा भारताच्या इतिहासाचा भाग आहे असे ठासून सांगितले. धेनुकाकट नेमके कोठे होते यावर दामोदर धर्मानंद कोसंबींसारख्या अभ्यासकाने १९५५ मध्ये स्वतंत्र लेख लिहिला आणि तो प्रश्न अजूनही चर्चेत आहे. या वादात एक उणीव स्पष्ट दिसते. इंद्राग्निदत्ताची तुलना इजिप्तमध्ये ग्रीक म्हणून नोंद असलेल्या, पण नाव मिसरी असलेल्या माणसांशी व्हायला हवी, कारण तेथील पपायरसांवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदांवर, एकाच माणसाची ग्रीक आणि मिसरी अशी दोन नावे सर्रास आढळतात. आणि ती तुलना जो करील त्याला प्राकृत लेख मूळ दगडावरून आणि ग्रीक दस्तऐवज मूळ भाषेतून वाचता आले पाहिजेत.

दोन्ही बाजू एकाच माणसाला ठाऊक असण्याने काय साधते, याचे सर्वांत चांगले उदाहरण 'पेरिप्लस' या ग्रंथाचे आहे. तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची ही ग्रीक भाषेतील माहितीपुस्तिका इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका अनामिक व्यापाऱ्याने लिहिली आणि ती दहाव्या शतकातील एका हस्तलिखितातून आपल्यापर्यंत पोहोचली. तीत भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे शहर असल्याचे नोंदले आहे. पैठणहून अकीक जातीचे दगड आणि तगरहून जाडेभरडे व तलम कापड गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचला उतरत असे. तगर कोठले यावर एकोणिसाव्या शतकात देवगिरीपासून जुन्नरपर्यंत अनेक गावांची नावे पुढे आली, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूर सुचवले, आणि १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी धाराशिव जिल्ह्यातील तेर हेच तगर असल्याचे दाखवून दिले.

पण हा ग्रंथ कोणत्या वर्षांतला? त्यात भडोचच्या प्रदेशाचा राजा म्हणून ज्याचे नाव आले आहे तो क्षहरात घराण्यातील नहपान असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिकच्या लेखांत ४१, ४२, ४५ अशी वर्षे आहेत आणि जुन्नरला नहपानाचा अमात्य अयम याच्या लेखात वर्ष ४६ आहे. ही वर्षे इ.स. ७८ पासून सुरू होणाऱ्या शककालाची मानली तर नहपान इ.स. १२४ च्या सुमारास येतो, आणि दख्खनच्या इतिहासकारांनी बराच काळ तसेच मानले. दुसरीकडे त्याच पेरिप्लसमध्ये पेत्रा येथील नबातियन राजा मलिखस याचा उल्लेख आहे, आणि तो राजा, मलिखस दुसरा, इ.स. ४० ते ७० या काळात राज्य करत होता. एकच पुस्तक एका टोकाने पाहिले तर पहिल्या शतकाच्या मध्यात पडते आणि दुसऱ्या टोकाने पाहिले तर दुसऱ्या शतकात. ही अर्धशतकाहून मोठी तफावत सातवाहनांचा सारा कालक्रम हलवणारी आहे. आज बहुसंख्य अभ्यासक नहपानाची वर्षे शककालाची मानत नाहीत आणि त्याला पहिल्या शतकात ठेवतात. या निर्णयाला जॉर्डनमधील पेत्राच्या नबातियन राजांची राजावळी जितकी उपयोगी पडली तितकीच नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभीची नाणीही पडली, कारण १९०६ मध्ये तेथे सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या शिक्क्यावरच आपला शिक्का मारलेला आहे, आणि त्यामुळे हे दोन राजे समकालीन ठरतात.

यातील एखादे नाणे हातात धरून पाहण्यासारखे असते. एका बाजूला रोमन नाण्यांच्या वळणावर काढलेला राजाचा मुखवटा, त्याच्या कडेने ग्रीक अक्षरांत लिहिलेले प्राकृत शब्द, उलट बाजूला बाण आणि वज्र, त्यांच्याभोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. आणि या सगळ्यावर आडवातिडवा बसलेला सातवाहनांचा तीन कमानींच्या टेकडीचा व चार वर्तुळांचा ठसा, ज्याच्याखालून जुन्या राजाचे नाक किंवा एखादे ग्रीक अक्षर अजून डोकावते. हे नाणे ग्रीक, शक की मराठी मुलखाचे, असा प्रश्न करणे व्यर्थ आहे. ते कोणी, कोणासाठी, कोणाला ओळखू यावे म्हणून पाडले, हा अभ्यासाचा प्रश्न आहे, आणि अशा प्रश्नांवर भूमध्य जगात विद्यापीठांचे स्वतंत्र विभाग चालतात.

परभणी जिल्ह्याची या व्यापाराच्या नकाशावरील जागा नीट समजून घेतली पाहिजे. गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण आहे, खालच्या अंगाला आजच्या तेलंगणात कोटिलिंगाल हे सातवाहनांची आरंभीची नाणी देणारे नदीकाठचे स्थळ आहे, आणि या दोहोंच्या मधल्या टप्प्यात पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या तालुक्यांना स्पर्श करत नदी वाहते. पेरिप्लस सांगतो की समुद्रकाठच्या प्रदेशांतूनही तगरला माल येत असे, आणि हा समुद्रकाठ पूर्वेचा असावा असे मानले जाते. म्हणजे पूर्वेचा माल आणि मराठवाड्याचा कापूस यांची गाठ पडण्याचा हा मुलूख आहे. मानवत आणि सेलू येथील बाजारांत आजही कापसाच्या गाड्या लागतात, परभणीच्या कापूस संशोधन केंद्रात देशी वाणांवर काम चालते, आणि प्राचीन काळी निर्यात झालेला कापूस याच देशी कुळातला होता.

दख्खनच्या पावसाळी जमिनीत दोन हजार वर्षांपूर्वीचे कापड टिकत नाही. टकळीच्या मातीच्या चकत्या तेवढ्या उरतात. कापड टिकले ते इजिप्तच्या वाळवंटात. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या बंदरात १९९४ पासून उत्खनन चालू आहे आणि तेथील कचऱ्याच्या ढिगांतून सुती चिंध्यांचे तुकडे निघाले आहेत. जॉन पीटर वाइल्ड आणि फेलिसिटी वाइल्ड यांनी त्यांच्या सुताला दिलेल्या पिळाची दिशा तपासली. इजिप्तमध्ये सूत एका दिशेने कातण्याची रीत होती आणि भारतात तिच्या उलट दिशेने, त्यामुळे चार बोटांच्या चिंधीवरूनही ती कोणत्या देशातील कातणाऱ्यांच्या हातची असावी याचा अदमास बांधता येतो. शिडाच्या कापडाचे तुकडेही भारतीय सुताचे निघाले. कापसाचा धागा हाताने ओळखणाऱ्या घरातील मुलीने हा अभ्यास करावा, प्रयोगशाळेत देशी वाणांच्या तंतूंशी त्या चिंध्यांची तुलना करावी, अशी कल्पना करायला फार धाडस लागत नाही. परभणीत कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, आणि इतिहासाचा विभाग व कापसाचे संशोधन केंद्र एकत्र बसण्यात खरी अडचण कोणतीच नाही.

दुसरे उदाहरण हस्तिदंताचे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली अमेदेओ मायुरी यांना सुमारे वीतभर उंचीची, दागिन्यांनी मढलेली एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या दोन्ही बाजूंना दोन लहान सेविका आहेत आणि बैठकीवर खरोष्ठी अक्षराची खूण आहे. तिला लक्ष्मी म्हटले गेले, पुढे अनेकांनी तिला यक्षी ठरवले, आणि ती आरशाची मूठ असावी की एखाद्या आसनाचा पाय, यावर मते पडली. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे, म्हणजे प्राचीन भोगवर्धनात, १९७३ मध्ये शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी उत्खनन केले, तेव्हा तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा खालचा भाग हाती आला. तेरलाही त्याच कुळातील मूर्ती मिळाली, आणि म. के. ढवळीकर यांनी या साऱ्या मूर्तींचा परस्परसंबंध तपासला. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे गोळा केल्या नसत्या तर ही चर्चा बरीच दुबळी राहिली असती. त्यांच्या नावाच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात रोमन नाण्याची नक्कल करून भाजलेल्या मातीच्या चकत्याही ठेवलेल्या आहेत आणि त्यांना गळ्यात घालण्यासाठी भोक किंवा कडी केलेली असते. दूरच्या सम्राटाचा मुखवटा तेरच्या माणसाने दागिना म्हणून का मिरवला, हा सांस्कृतिक ओळखीचा अस्सल प्रश्न आहे आणि तो विचारायला इटलीला जाण्याची गरज नाही. त्याचे उत्तर देताना मात्र रोमन जगातील लोक नाण्यांचे दागिने कसे करत, हे माहीत असावे लागते.

येथे एक सावधगिरीही नोंदवली पाहिजे, कारण असा विषय गावोगाव पोहोचला की पहिला मोह अभिमानाचा होतो. आपल्याकडे रोमन आले होते, असे छातीठोकपणे सांगायला पुरावा अपुरा आहे, आणि ज्या खापरांवर हे दावे उभे राहिले त्यांतील काहींची ओळख पुढे बदलली. चाकावर फिरवताना आतील तळाशी बारीक ठिपक्यांची वर्तुळे उमटवलेली तलम भांडी १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांना पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू येथे मिळाली आणि ती भूमध्य प्रदेशातून आल्याचे त्यांनी मानले. डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे यांनी १९९७ मध्ये त्या मातीचे क्ष-किरणांनी पृथक्करण करून ती बंगालच्या चंद्रकेतुगढ-तामलुक भागातील असल्याचे दाखवले. मद्य किंवा तेल नेण्याच्या दोन मुठींच्या निमुळत्या कुंभांना अँफोरा म्हणतात. भारतात अँफोरा म्हणून नोंदलेले पुष्कळ तुकडे प्रत्यक्षात इराक-इराणकडील बिनमुठीच्या कुंभांचे आहेत, हे रोबर्टा टोम्बर यांनी २००७-०८ च्या सुमारास संग्रहालयांतील खापरे एकेक हाताळून सिद्ध केले. महाराष्ट्रातील साठवणुकीतली अशी खापरे पुन्हा तपासायला भूमध्य सागरी कुंभांची माती, तिच्यातील वाळू आणि ज्वालामुखी कण नजरेने ओळखणारी माणसे येथेच तयार व्हायला हवीत, आणि ती तयार व्हायला दहाबारा वर्षे लागतात.

गेल्या काही वर्षांत उलट दिशेचा पुरावा इतका वाढला आहे की आता इजिप्तमधील उत्खननांनाच दख्खनच्या जाणकारांची निकड आहे. बेरेनिकेच्या सेरापिस मंदिरात भारतीय घडणीच्या रांजणात साडेसात किलो मिरी मिळाली होती. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या शोधात तेथील इसिस मंदिरातून संगमरवरी बुद्धमूर्ती, रोमन सम्राट फिलिप याच्या कारकिर्दीतील, म्हणजे इ.स. २४४ ते २४९ मधील, संस्कृत लेख, आणि सातवाहनांची दोन नाणी पुढे आली. मूर्तीचा दगड भूमध्य प्रदेशातील आहे, त्यामुळे ती भारतातून गेली नसून तिकडेच घडवली गेली असावी. बुद्धाची मूर्ती मिसरी देवीच्या मंदिरात, परक्या संगमरवरात कोणी आणि कोणासाठी करवली? त्याच किनाऱ्यावरील कुसेर येथे खापरावर शाईने लिहिलेली प्राकृत यादी मिळाली, तीत हालक आणि विण्हुदत यांच्यासारख्या नावांपुढे तेल, मद्य, मांस अशा जिनसा मांडल्या आहेत. ही दख्खनच्या लेण्यांत भेटणाऱ्या नावांची माणसे आहेत. इंद्राग्निदत्त नाशिकला येऊन योनक राहिला. तर हालक इजिप्तमध्ये स्वतःला कोण म्हणवत होता, हा त्याचा जोडप्रश्न आहे आणि तो मराठी मुलखातील अभ्यासकाला जितका सहज सुचेल तितका दुसऱ्याला सुचणार नाही.

महोदय, हा मार्ग अवघड आहे हे लपवण्यात अर्थ नाही. त्यासाठी ग्रीक आणि लॅटिन शिकावी लागते, उत्खननांचे अहवाल वाचण्यापुरती जर्मन, फ्रेंच आणि इटालियन यावी लागते, उन्हाळ्याचे महिने खंदकात आणि खापरांच्या टेबलावर घालवावे लागतात. अथेन्समध्ये फ्रान्सने १८४६ मध्ये, अमेरिकेने १८८१ मध्ये आणि ब्रिटनने १८८६ मध्ये आपापली संशोधनकेंद्रे उभारली आणि त्यांच्या तरुण अभ्यासकांना तेथे राहण्याची, ग्रंथालयाची, उत्खननाची सोय पिढ्यान्‌पिढ्या मिळाली. भारताचे असे केंद्र अथेन्सलाही नाही आणि रोमलाही नाही. तरी भारतीय पुरातत्त्वज्ञ त्या बाजूला कधी गेलेच नाहीत असे नाही. आस्वान धरणाखाली जाणारे अवशेष वाचवण्यासाठी १९६२ मध्ये ब्रजबासी लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पथकाने नुबियात अफियेह येथे उत्खनन केले होते. त्या मोहिमेची पुढे परंपरा झाली नाही, ही खंत बाळगण्याजोगी गोष्ट आहे.

मराठवाड्यातील हुशार विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षणानंतर नेट-सेट उत्तीर्ण होतो आणि वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवत राहतो. शेतीवर विसंबलेल्या घराला इतक्या लांबच्या विषयाचा जुगार परवडत नाही. म्हणून केवळ एक ऐच्छिक प्रश्नपत्रिका जोडून भागणार नाही. निदान एक कायम पद दख्खन आणि भूमध्य जग यांच्या एकत्रित अध्ययनासाठी असावे, ब्राह्मी व प्राकृत यांच्याबरोबर प्राथमिक ग्रीक शिकवण्याची व्यवस्था असावी, आणि डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेशी करार करून खापरांच्या अभ्यासाचे प्रशिक्षण मिळावे. प्रबंध मराठीत लिहिण्याची मुभा असावी. पेरिप्लसचे थेट ग्रीकमधून, स्थळांच्या टिपांसह मराठी भाषांतर हे या पदावरील अभ्यासकाचे पहिले काम ठरावे.

यातील एका कामाला पदनिर्मितीची वाट पाहण्याचे कारण नाही आणि ते काम परभणी जिल्ह्यातले आहे. गावातील शेतजमिनीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी. घरे एकाच जागी शतकानुशतके पडत आणि पुन्हा उभी राहत गेली की पडलेल्या मातीच्या भिंती, राख आणि शेण यांचे थर साचतात, त्यांची ही पांढुरकी माती. पुरातत्त्वाचे सारे दप्तर तिच्यात असते. माळवदावर टाकण्यासाठी, शेतात पसरण्यासाठी, विटांसाठी ही माती पूर्वीपासून उचलली जाते. पूर्वी ती बैलगाडीने जाई आणि आता यंत्राने खोदून ट्रॅक्टरने जाते, त्यामुळे जे टेकाड संपायला पिढ्या लागत ते एका उन्हाळ्यात सपाट होते. गोदावरीवर ढालेगाव, मुदगल येथे झालेल्या बंधाऱ्यांनी काठाची पाणीपातळीही बदलली आहे. अशा वेळी पाथरीपासून पूर्णेपर्यंतच्या नदीकाठच्या प्रत्येक गावाची पांढरी कोठे आहे, किती उंच उरली आहे, तिच्या कापलेल्या कडेत खापरांचे कोणते प्रकार दिसतात, याची नोंद सेलूचे नूतन महाविद्यालय, गंगाखेडचे संत जनाबाई महाविद्यालय आणि परभणीतील महाविद्यालये यांच्या इतिहास विभागांकडून करून घेता येईल. उत्खनन त्यात अभिप्रेत नाही; त्याला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो आणि ते काम जाणत्या हातांचे आहे. रीतसर परवानगी घेऊन केलेली पाहणी, छायाचित्रे, नकाशावरील खूण आणि ग्रामपंचायतीला दिलेली एक प्रत, एवढ्यावर सुरुवात होते.

पैठणच्या १९९० च्या दशकातील उत्खननाचा सविस्तर अहवाल २०२० मध्ये छापून आला. तेवढी सवड परभणीच्या पांढरीपाशी उरलेली नाही. दिवाळीनंतर नदीचे पाणी ओसरते आणि रब्बीच्या पेरण्या उरकतात, त्या सुमारास पहिली पाहणी सुरू व्हावी, यासाठीचा प्रस्ताव विद्यापरिषदेच्या येत्या बैठकीपुढे ठेवावा, ही विनंती.

कळावे,
परभणी जिल्ह्यातील एक इतिहास-अभ्यासक